उद्घाटनानंतरचे काम

सुट्टीच्या दिवशी सभागृहात बसून दुसऱ्याचे विचार ऐकणे ही महाराष्ट्राची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे लोण पुढे गावोगावी पोचले. मंच, अध्यक्ष, पाहुण्यांचा परिचय, भाषण आणि शेवटी आभार हा त्या सभांचा ठरलेला साचा. संगणकाच्या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत या सवयीला एक नवी फांदी फुटली. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतल्या पालो आल्टो येथे पहिला बारकँप भरला. त्यात वक्त्यांची यादी आधी ठरलेली नव्हती. सकाळी कोऱ्या फळ्यावर ज्याला जे सांगायचे असेल त्याने ते लिहायचे, आणि ज्याला जे ऐकायचे असेल त्याने त्या खोलीत जाऊन बसायचे. थोड्याच काळात ही रीत पुण्यात आली. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत बारकँप भरू लागले, तिथेच ‘ग्नुनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा वार्षिक मेळा होत असे, आणि २००८ मध्ये नवीन काबरा व अमित परांजपे यांनी सुरू केलेल्या ‘पुणेटेक’मुळे अशा कार्यक्रमांची खबर एका ठिकाणी मिळू लागली. शनिवारी महाविद्यालय रिकामे असते, वर्गात प्रोजेक्टर असतो, कँटीनमध्ये चहा मिळतो. एवढ्या भांडवलावर वेब अ‍ॅप्लिकेशन कसे घडवावे आणि ऑनलाइन समुदाय कसा उभारावा हे शिकवणारी एक समांतर शाळाच या शहरात चालली.

त्या शाळेचे ऋण मोठे आहे. अभ्यासक्रमात जे पाचदहा वर्षे उशिरा आले असते, ते विद्यार्थ्यांना तिथे समोरासमोर मिळाले. पण त्या व्याख्यानांचा कल पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. भर असायचा तो बांधण्यावर. कोणती भाषा, कोणता डेटाबेस, पान किती वेगाने उघडते, एकाच वेळी किती लोक आले तरी सर्व्हर तग धरतो. संकेतस्थळ सुरू झाले की गोष्ट संपली, असा एक न बोललेला समज त्यात होता, आणि हॅकेथॉनने तो आणखी पक्का केला. २०१७ पासून भरणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मुले सलग ३६ तास जागून एखादे अ‍ॅप उभे करतात. त्यांची जिद्द खरी असते, कौशल्यही खरे असते. पण ३७ व्या तासाला त्या अ‍ॅपवर पहिली खोटी तक्रार आली, पहिली शिवी पडली किंवा पहिल्या माणसाचा भरलेला अर्ज हरवला, तर काय करायचे याला तिथे गुण नसतात. माझे म्हणणे असे, की वेब अ‍ॅप्लिकेशनची रचना म्हणजे मुख्यतः उद्घाटनानंतरच्या जगण्याची रचना. कोणाला लिहिता येईल, कोण पुसू शकेल, चूक झाली तर परत कसे फिरायचे, तक्रार संपली हे कोणी ठरवायचे, अशा बारीकसारीक नियमांवर समुदाय टिकतो वा मोडतो. हा विषय शिकण्यासाठी पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा पुण्याच्या मध्यवस्तीपेक्षा अधिक योग्य आहे आणि त्यावरची नवी व्याख्याने तिथेच व्हावीत, हेही मला याच ओघात मांडायचे आहे.

पुरावा मराठीतूनच घेऊ, कारण ऑनलाइन समुदायांचा इतका जिवंत अनुभव फार थोड्या भारतीय भाषांच्या गाठीशी आहे. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत १९९६ च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ सुरू केली. गूगलचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पुढे २००४ मध्ये महेश वेलणकरांचे ‘मनोगत’ आले, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि तात्या अभ्यंकरांचे ‘मिसळपाव’, आणि २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. यांतल्या मायबोली, उपक्रम, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे या चारही स्थळांचा तांत्रिक पाया पुढे एकच झाला: द्रुपल हे फुकट मिळणारे मुक्त सॉफ्टवेअर. वाचकवर्गही बराचसा सामाईक. एकच माणूस दोन-तीन ठिकाणी सदस्य असे, कधी वेगवेगळ्या नावांनी. आता तंत्रावरच सगळे अवलंबून असते तर ही चारही स्थळे एकमेकांच्या नकला झाली असती. तसे झाले नाही. उपक्रमाने कथा-कविता बाहेर ठेवून माहिती आणि चर्चा यांच्यापुरती वेस आखून घेतली, त्यामुळे तिथला सूर अभ्यासकाचा राहिला. मिसळपावने पाककृतींपासून भटकंतीपर्यंत सगळ्याला दार उघडे ठेवले आणि तिथे गप्पांचा फड जमला. मायबोलीवर गटागटांची घरे वसली, गणेशोत्सवाचे उपक्रम आणि दिवाळी अंक स्वयंसेवकांच्या मंडळांनी चालवले. माणसे तीच आणि सॉफ्टवेअरही तेच असताना वस्त्या वेगळ्या झाल्या, त्या दाराशी लावलेल्या नियमांमुळे.

ऐसी अक्षरेने तर हा प्रयोग उघडपणे केला. प्रतिसादाला नुसता अंगठा वर-खाली करण्याऐवजी वाचकाने त्याची जात सांगायची: मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, विनोदी, खवचट. कल्पनेचे मूळ अमेरिकेतल्या स्लॅशडॉट या संकेतस्थळात आहे, पण ‘खवचट’ हा शेरा मराठी संभाषणाच्या आतून आलेला आहे. इथे रचनाकाराने काय केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याने खवचटपणा बंद केला नाही, त्याच्यासाठी एक कप्पा केला. अंगठा फक्त आवडले की नाही एवढेच सांगतो, आणि मग लोक आवडण्यासारखे लिहू लागतात. श्रेणीला नाव असले की लिहिणाऱ्याला कळते, आपण बोललो ते कोणत्या अंगाने पोचले. पडद्यावर हा फरक एका लहानशा यादीएवढा दिसतो, पण संभाषणाचे वळण त्याने बदलते. त्याच्याही आधीचे एक उदाहरण लेखनाच्या चौकटीचे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी लिहायची तर ज्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. मनोगताने टंकनाची सोय लेखनाच्या चौकटीतच आणून ठेवली. रोमन कळा दाबाव्यात, अक्षरे देवनागरीत उमटावीत. शिवाय शुद्धलेखन तपासण्याची सोयही तिथेच. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने हेच काम अनेक स्थळांना करून दिले. ज्यांनी शाळा सुटल्यानंतर मराठीत एक परिच्छेद लिहिला नव्हता अशी माणसे त्या चौकटीमुळे लिहिती झाली. त्यांना मराठीची ओढ आधीपासून होती, अडत होते ते फक्त साधनापाशी.

विकिपीडियाचे उदाहरण याहून खोल जाते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला तेव्हा ‘कोणीही कोणाचेही पान बदलू शकेल’ हे वाक्य वेडेपणाचे वाटले असणार. ते चालले, कारण त्यामागे दुसरी एक सोय होती: बिघडवायला जितके कष्ट, त्याहून कमी कष्टांत दुरुस्ती. प्रत्येक पानाचा इतिहास साठतो, कोणी काय बदलले ते दिसते, आणि एका कळीने आधीची आवृत्ती परत येते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर ‘अलीकडील बदल’ पाहत बसणारा सदस्य आणि ‘चावडी’वर धोरणाचा वाद घालणारा सदस्य हे लेख लिहिणाऱ्याइतकेच त्या ज्ञानकोशाचे कर्ते आहेत. पण रचनेवरच्या व्याख्यानांत या पहारेकऱ्याचे नाव क्वचितच निघते. त्याच्या कामाचा पडदा कसा असावा, त्याचा थकवा कसा कमी व्हावा, त्याच्या निर्णयावर दाद कुठे मागावी हे प्रश्न डेटाबेसच्या प्रश्नांइतकेच तांत्रिक आहेत आणि तितकेच सोडवण्याजोगे आहेत.

इथे पिंपरी-चाकण पट्ट्याचा संबंध येतो. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले, त्यांच्या पाठोपाठ भोसरीत सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली, आणि या शतकात चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने आले. इतक्या वर्षांत इथल्या शॉप फ्लोअरवर एक शहाणपण मुरले आहे. चूक माणसाची नसते, मांडणीची असते. या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण जपानचे. औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले. तिथे एका स्विचच्या दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि कधी कधी कामगार एक विसरे. मालक ओरडे, काही दिवस सगळे सावध राहत, पुन्हा तेच होई. शिंगोंनी सांगितले, आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून छोट्या बशीत ठेवा, मग बसवा. बशीत एक उरली तर चूक तिथल्या तिथे दिसेल. पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी मांडणी, ती हीच. भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये जिगला अशी पिन बसवलेली असते की जॉब उलटा ठेवायचा म्हटले तरी बसत नाही. ऑपरेटर नवा असो की थकलेला, तिसऱ्या शिफ्टच्या पहाटेही ती पिन आपले काम करते.

आता एखादा ऑनलाइन अर्ज घ्या. पंधरा रकाने भरले, आधारची प्रत जोडली, ‘सबमिट’ दाबले आणि पडद्यावर आले, की सत्राची मुदत संपली आहे. भरलेले सगळे गेले. वर ठळक अक्षरांत सूचना होतीच: ‘बॅक बटण दाबू नये, पान रिफ्रेश करू नये.’ ही सूचना म्हणजे भिंतीवरची ‘काळजीपूर्वक काम करा’ ही पाटी. शॉप फ्लोअरवर पाटीवर विसंबणारा सुपरवायझर ऑडिटमध्ये टिकत नाही. त्याला विचारतात, मूळ कारण काय, आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून मांडणीत काय बदलले? वेबच्या दुनियेत मात्र आपण वापरणाऱ्यालाच अडाणी ठरवून मोकळे होतो. ज्याने आठ तास जिगवर काम केले आहे त्याला हा अर्ज दाखवला, तर दोष कुठे आहे ते तो चटकन सांगेल. प्रत्येक रकाना भरताच जपून ठेवला की झाले. त्याला जावास्क्रिप्ट येत नसेल, पण रचनेचे मर्म त्याच्या हाताला ठाऊक आहे. ते मर्म आणि विद्यार्थ्याची जावास्क्रिप्ट एका खोलीत आणणे, या व्याख्यानांकडून माझी पहिली अपेक्षा ही आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की समुदाय म्हणजे असेंब्ली लाईन नव्हे. कारखान्यात ड्रॉइंग आधी तयार असते आणि माप चुकले की तुकडा रिजेक्ट होतो. समुदायात ड्रॉइंगच नसते, माणसे आपखुशीने येतात, त्यांना पगार नसतो, आणि रिजेक्शनची भाषा माणसांना लावणे हे तर क्रौर्यच. आक्षेप खरा आहे. चूक टाळण्याची युक्ती अर्जाला लागू पडते, मतभेदाला पडत नाही. पण कारखान्याकडे दुसराही एक वारसा आहे, आणि तो मशिनरीचा नाही, कामगार चळवळीचा आहे. १९४६ च्या औद्योगिक स्थायी आदेश कायद्याने एक पद्धत घालून दिली. कामाचे नियम मालकाने मनात ठेवायचे नाहीत, लिहून काढायचे. मसुदा कामगार संघटनेकडे पाठवायचा, तिचे आक्षेप ऐकायचे, मग अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा. आणि प्रमाणित झालेले नियम बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावायचे. शिक्षा करण्यापूर्वी आरोप लेखी कळवायचा आणि म्हणणे मांडायची संधी द्यायची. आज ज्या अ‍ॅपवर कोट्यवधी माणसे रोज बोलतात तिथे खाते बंद झाले तर कारण बहुधा एका ठरावीक ओळीत येते आणि दाद कुठे मागायची ते समजत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी गिरणीच्या दाराशी जे मान्य झाले ते पडद्यावर अजून व्हायचे आहे. पिंपरीत तीन-तीन वर्षांचे वेतन करार वाटाघाटीने घडवलेली माणसे आहेत. नियम संमतीने कसा घडतो, कोणता नियम कागदावरच राहतो आणि कोणता पाळला जातो, याचा त्यांच्याइतका अनुभव कोणत्याही संगणक विभागात नाही. मराठी संकेतस्थळांवर संपादनाच्या धोरणावरून जे वाद पेटले आणि माणसे एक घर सोडून दुसरे थाटायला गेली, त्या इतिहासाकडे त्यांच्या नजरेने पाहिले तर बरेच काही नव्याने उलगडेल.

नागरिकांचा अनुभवही या शहराकडे आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने १५ ऑगस्ट २०१३ रोजी, श्रीकर परदेशी आयुक्त असताना, ‘सारथी’ सुरू केली. तिची तांत्रिक बाजू साधीच होती: हेल्पलाइन, संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप आणि एक पुस्तिका. महत्त्वाचे काम त्याआधी झाले. प्रत्येक खात्याला आपला कारभार प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून काढावा लागला: मिळकतकराची नोंद कशी बदलायची, नळजोडाला कोणती कागदपत्रे लागतात, किती दिवसांत, कोणाकडे. खिडकीवरच्या कारकुनाच्या डोक्यात असलेले ज्ञान कागदावर आल्याशिवाय ते पडद्यावर येत नाही, ही गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. अशा कोणत्याही तक्रार व्यवस्थेत पुढचा प्रश्न अधिक अवघड असतो. खड्ड्याची तक्रार नोंदली, फोटो जोडला, क्रमांक मिळाला. ती ‘बंद’ झाली असे कोणी म्हणायचे? अधिकाऱ्याने म्हटले तर आकडे झपाट्याने सुधारतात आणि खड्डा तसाच राहू शकतो. तक्रारदाराने म्हटले तर काही तक्रारी कधीच बंद होत नाहीत, कारण माणूस उत्तर द्यायलाच फिरकत नाही. मधला मार्ग काढता येतो: अधिकारी काम झाल्याचा फोटो टाकेल, तक्रारदाराला ठरावीक दिवस मिळतील, तो नाही म्हणाला तर तक्रार वरच्या पायरीवर जाईल. पण मग ‘नाही’ म्हणण्याचा गैरवापर कसा रोखायचा? एका बटणाभोवती इतका विचार लागतो, आणि महाविद्यालयाच्या सभागृहात सबंध दुपार याच बटणावर घालवली तरी ती सत्कारणी लागेल.

तर ही व्याख्याने निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात, आकुर्डीच्या डी. वाय. पाटीलमध्ये, किंवा चाकणच्या जवळ कुठेही व्हावीत. पण जागेइतकाच वारही महत्त्वाचा आहे. हिंजवडी आणि तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना शनिवार-रविवार सुट्टी. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीतले बहुतेक लघुउद्योग मात्र गुरुवारी बंद असतात. विजेचा भार सगळ्या दिवसांवर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळा वार देण्याची ही जुनी पद्धत. रविवारी सकाळी ‘सर्वांसाठी खुले’ असे जाहीर केलेले व्याख्यान त्या वेळी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसासाठी खुले नसते. मोठ्या कारखान्यांतल्या फिरत्या शिफ्टवाल्याची गोष्ट आणखी निराळी. अंतराचेही तसेच. चाकणहून मॉडेल कॉलनी तीसेक किलोमीटर. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो पिंपरीहून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत धावू लागली, पण चाकणच्या माणसाला तिच्यापर्यंत पोचायलाच नाशिक रस्त्याची कोंडी पार करावी लागते. कोण येत नाही हे ज्याने पाहिले नाही त्याने समुदायाची रचना शिकवावी हे विसंगत आहे. म्हणून एकाआड एक व्याख्यान गुरुवारी दुपारी, मोठ्या कारखान्यांतली पहिली शिफ्ट सुटल्यानंतर ठेवावे. त्या दिवशी विद्यार्थ्यांना तास असतात हे खरे. महाविद्यालयाने तेवढे दोन तास सोडवून द्यावेत.

काही जण म्हणतील, आता सगळे व्हिडिओवर उपलब्ध असताना माणसे गोळा कशाला करायची? शिकवणीपुरते हे पटण्यासारखे आहे. द्रुपल शिकायला सभागृहाची गरज नाही. पण दुसरा माणूस आपण बांधलेला पडदा कसा वापरतो हे व्हिडिओ दाखवत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी फार पूर्वी मांडले, की पाच माणसांना आपले संकेतस्थळ वापरायला दिले आणि मागे गप्प उभे राहून पाहिले तर बहुतेक मोठ्या अडचणी हाती लागतात. पाच हा आकडा पुरेसा आहे का यावर पुढे बरेच वाद झाले, पण गप्प उभे राहून पाहण्याला पर्याय कोणी सुचवलेला नाही. ही पाच माणसे वर्गमित्र असतील तर काहीच सापडणार नाही, कारण त्यांचे फोन, त्यांची इंग्रजी, त्यांचा वेग सगळे बांधणाऱ्यासारखेच. त्यांच्या जागी एक हेल्पर, एक आशा सेविका, सोसायटीचे एक निवृत्त सेक्रेटरी, वर्कशॉपची चलने सांभाळणाऱ्या एक बाई आणि कांदा घेऊन चाकणच्या बाजारात येणारा एक शेतकरी बसवा. पहिल्या दहा मिनिटांत कळेल, की ज्या चिन्हाला आपण ‘मेनू’ समजत होतो ते कोणालाच दिसलेले नाही.

याने नोकरी मिळेल का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. इथली अनेक मुले कर्जावर शिकतात आणि कँपस मुलाखतीत समुदायाचे नियम कोणी विचारत नाही, कोडचे कोडे घालतात. पण कोड लिहून देणारी साधने आता प्रत्येकाच्या हाती आली आहेत, आणि नुसते बांधता येणाऱ्याची मागणी त्यामुळे वाढेल असे दिसत नाही. काय बांधावे, कोणाला कोणता अधिकार द्यावा, चूक झाल्यावर वाट कुठून काढावी, हे ठरवणारा माणूस अधिक लागेल. चाकणच्या कंपन्यांनाही पुरवठादारांची, दुरुस्तीची, सुरक्षेची अंतर्गत अ‍ॅप लागतात, आणि ती वापरणारा ऑपरेटर नाराज असला की तो गुपचूप वहीवर परत जातो. ते टाळू शकणारा अभियंता त्यांना हवाच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप असताना वेगळे समुदाय कशाला, हा शेवटचा मोठा प्रश्न. सोसायटी, वारी, गावकी, बॅचमेट, युनियन, सगळे तिथेच आहेत, आणि २०२२ पासून एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे मावतात. सोय आहे, हे मान्य. पण त्या ग्रुपला आठवण नसते. पाण्याच्या टँकरचा ठराव, त्यावरची हरकत, सापडलेला उपाय हे सगळे शुभेच्छांच्या चित्रांखाली दोन दिवसांत गाडले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. अ‍ॅडमिनने एखाद्याला काढले तर का काढले याची नोंद कुठे राहत नाही. नवा रहिवासी आला तर त्याला मागचे सहसा वाचता येत नाही. मायबोलीवर वर्षानुवर्षांपूर्वीची पाककृती आणि तिच्याखालचे प्रतिसाद आजही सापडतात. मराठी विकिपीडियाच्या चावडीवरचा जुना वाद आज उघडून पाहता येतो. ज्या समुदायाला आपलाच इतिहास चाळता येतो त्याची भांडणे पुढे सरकतात. सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅप सोडावे असा माझा आग्रह नाही. त्याच्या शेजारी ठराव, हिशेब आणि निर्णय साठवणारी एक साधी जागा हवी, आणि ती हाउसिंग सोसायटीला कशी बांधून द्यायची हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सहज पेलणारा प्रकल्प आहे.

व्याख्यानांची भाषा मराठी असावी, इंग्रजी तांत्रिक शब्द जसे रुळले आहेत तसे वापरून. ‘डेटाबेस’ला प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. गरज आहे ती गुरुवारच्या श्रोत्याने मधेच हात वर करून ‘हे असं का?’ विचारावे याची. तो इंग्रजीत ते विचारणार नाही, आणि त्याने विचारले नाही तर पट्ट्यात येऊन काहीच साधले नाही. उत्तर भारतातून चाकणला आलेल्या कामगारासाठी त्याच सभागृहात हिंदीलाही जागा द्यावी लागेल.

राहता राहिला हे सगळे चालवायचे कोणी हा प्रश्न. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, उत्साही प्राध्यापकाची बदली होते, आणि असे उपक्रम सहसा तिसऱ्या वर्षी बंद पडतात. मला ही अडचण अभ्यासक्रमाचाच भाग वाटते. दरवर्षी जूनमध्ये जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला कार्यक्रमाची सगळी सूत्रे द्यायची: पासवर्ड, श्रोत्यांची यादी, मागच्या चुकांची वही, कोणत्या वक्त्याला प्रवासखर्च लागतो, कोणत्या वर्गाचा प्रोजेक्टर नादुरुस्त आहे, कोणत्या चर्चेत वाद झाला आणि तो कसा मिटवला. शॉप फ्लोअरवर शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशिनची अवस्था सांगून आणि रजिस्टरवर सही करूनच बाहेर पडतो. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या प्रत्येक संकेतस्थळालाही हाच नियम लावावा. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे निम्मे गुण सादरीकरणाच्या दिवशी द्यावेत आणि निम्मे राखून ठेवावेत. पुढच्या तुकडीने तो प्रकल्प सहा महिने चालवून दाखवला, त्यावर आलेल्या तक्रारी वाचल्या आणि निदान एक नियम बदलला, म्हणजे उरलेले गुण दोन्ही तुकड्यांत वाटावेत. निकालाच्या तारखा आणि विद्यापीठाचे वेळापत्रक यांत ते बसवणे अवघड आहे. तरी अंतर्गत गुणांपुरता हा प्रयोग स्वायत्त महाविद्यालयांना उद्यापासून करता येईल.